फसवणारे भेटतात, बाकीचे दिसतच नाहीत

परक्या शहरातल्या प्रवासावरील एका लेखात, लेखकाला स्थानकाबाहेर दलालांनी गंडवले, हे वाचून मलाही संताप आला. परंतु त्यावरून ‘तिथली माणसेच लबाड’ असा जो निष्कर्ष लेखात काढला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. परक्या शहरात आपली गाठ कोणाशी पडते, हे आधी पाहायला हवे. स्थानकावर किंवा प्रसिद्ध वास्तूच्या दाराशी अनोळखी माणसाला आपण होऊन हाक मारणारा बहुधा त्याच धंद्यातला असतो. कामावर निघालेला रहिवासी आपल्याकडे वळूनही पाहत नाही, त्यामुळे तो आपल्या हिशेबात येतच नाही.

शिवाय हे प्रकार कोणा एका देशाचे नाहीत. पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर ‘भेट’ म्हणून मनगटाला धागा बांधतात आणि गाठ पक्की बसली की पैसे मागतात. बँकॉकमध्ये ‘राजवाडा आज बंद आहे’ असे सांगून प्रवाशाला अशा दुकानात नेतात, जिथून नेणाऱ्याला कमिशन मिळते.

जे उदाहरण चटकन आठवते ते वारंवार घडते असे माणसाला वाटते, हे त्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवले होते. फसवणूक रागासकट लक्षात राहते. योग्य भाडे घेऊन मुक्कामी पोहोचवणारा चालक मात्र संध्याकाळपर्यंत विसरला जातो. सावधगिरी जरूर बाळगावी, पण ती जागा आणि पद्धत पाहून. हा लेख वाचून तिथे जाणारा प्रवासी, खरोखर रस्ता दाखवायला थांबलेल्या माणसालाही झिडकारेल, याची मला काळजी वाटते.