‘पालकांनाच पर्वा नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश हटकून फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मराठवाड्यातील खेड्यांतल्या पालकांना मुलांच्या शिक्षणाशी देणेघेणे नाही, ते सभेला येत नाहीत, निरक्षर असल्यामुळे घरी मदत करू शकत नाहीत आणि दिवाळी झाली की मुलांना ऊसतोडीला घेऊन जातात; तेव्हा शिक्षकाने वर्गात शिकवावे आणि पालकांचा नाद सोडावा. या संदेशामागचा थकवा मला समजतो, कारण ऑनलाइन माहिती भरण्यापासून निवडणुकीच्या कामापर्यंतचे ओझे मीही वाहिले आहे. तरीही त्यातली विधाने तपासल्यावर टिकत नाहीत.

सभेला न येणे म्हणजे पर्वा नसणे, हे पहिले विधान. आपण सभा सकाळी अकराला ठेवतो, आणि सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत त्या वेळी शाळेत येणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणे. शिवाय आल्यावर कानी काय पडते, तर बहुधा मुलाची तक्रारच. मी सभा रात्री जेवणानंतर तांड्यावर घेऊ लागलो, तेव्हा शाळेची पायरी कधी न चढलेल्या आया येऊन बसल्या आणि मुलाला वाचता येते का, हे त्यांनी थेट विचारले.

निरक्षर पालक मदत करू शकत नाही, हे दुसरे. राज्यात २०२२ पासून राबवलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाची मांडणीच माता-पालक गटांवर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच कृती घरातल्या वस्तूंवर होतात. धान्य निवडताना मोजणे किंवा मुलाने मोठ्याने वाचलेला धडा ऐकून त्यात काय होते ते विचारणे, यासाठी आईला अक्षरओळख लागत नाही. ऊसतोडीचा टनामागचा दर आणि घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) यांचा हिशेब तोंडी करणारा बाप गुणाकाराच्या पाठाला वर्गात का चालू नये?

‘पालकांचा नाद सोडावा’ हा सल्ला तर कायद्याच्याच विरुद्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे, हे खरे, पण तिचा सचिव मुख्याध्यापक असतो, त्यामुळे हा दोष एकट्या पालकांच्या माथी मारता येणार नाही.

राहिला ऊसतोडीचा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. बीड, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून उचल घेतात, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. मागे सांभाळणारे कोणी नसले की मूल सोबत जाते. दहा-बारा वर्षांची मुलगी तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी नेली जाते. काही घरांत मुलीच्या शिक्षणाबद्दल खरोखरच अनास्था असते, ती मी नाकारत नाही. मात्र जिथे हंगामी वसतिगृह नीट चालले, म्हणजे मुले गावातच आजी-आजोबांकडे राहिली आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने केली, तिथे त्याच आई-बापांनी मुले मागे ठेवली. ज्यांना न्यावेच लागते त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसता येते.

यासाठी शिक्षकाने घरोघरी जाऊन विचारायला हवे की कोण जाणार, मागे कोण राहणार आणि म्हाताऱ्या आजीला नातवंडे झेपतील का. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल हंगामाच्या बरीच आधी घेतली जाते आणि कोणी जायचे हेही तेव्हाच ठरते, म्हणून ही विचारपूस पोळ्याच्या सुमारास व्हायला हवी. दिवाळीनंतर गेल्यास दाराला कुलूप असते.