'पूर्वी क्रिकेटमध्ये राजकारण नव्हतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. परवा सकाळी होम मैदानावरून फिरून आलो, तर चहाच्या गाड्यावर त्यांच्यातल्याच एकाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: क्रिकेट आधी निखळ खेळ होता, २००८ नंतर त्यात राजकारण घुसलं. यजमान देशात जायला नकार द्यायची रीत एकट्या भारताने पाडली. पाकिस्तानातलं क्रिकेट भारताने बंद पाडलं. आणि मुळात दोन्हीकडच्या प्रेक्षकांनाच एकमेकांचं तोंड बघायचं नाही. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बरोबर लिहिलंय की ओ सर."

बरोबर लिहिलेलं नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि सुट्टीच्या दिवसांत लेदर बॉलच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहिलो. त्यामुळे हा मेसेज वाचून पुढे सरकणं मला जमलं नाही.

आधी २००८ चं बघू. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या गावचाच माणूस पुरे. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६ चा. त्यांच्या बारा कसोटी शतकांपैकी पाच पाकिस्तानविरुद्धची, त्यातलं एक पेशावरला काढलेलं. १९६०-६१ ला पाकिस्तानचा संघ इकडे आला, तेव्हा कानपूर, मद्रास आणि दिल्ली अशा तीन ठिकाणी त्यांनी शतकं ठोकली. तरी पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. त्याआधीच्या १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यातल्या पाचही तशाच सुटल्या होत्या. सलग दहा कसोटींत एकालाही जिंकता येऊ नये! हरून घरी जायची धास्ती दोन्ही संघांना किती होती, ते यावरून दिसतं. ती धास्ती काही निव्वळ खेळातून आलेली नव्हती. फाळणीला तेव्हा दहा-पंधरा वर्षंसुद्धा झाली नव्हती.

आणि पुढे काय झालं? फेब्रुवारी १९६१ मध्ये दिल्लीची कसोटी संपली. त्यानंतरची भारत-पाकिस्तान कसोटी झाली ऑक्टोबर १९७८ मध्ये, फैसलाबादला. मध्ये १९६५ आणि १९७१ ची युद्धं होऊन गेली. साडेसतरा वर्षं म्हणजे एका खेळाडूची अख्खी कारकीर्द. अजित वाडेकर ३७ कसोटी खेळले, वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे कर्णधार झाले, आणि पाकिस्तानविरुद्ध एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले. दिलीप सरदेसाई आणि मन्सूर अली खान पतौडी यांचंही तेच. मग २००८ आधीचा तो निखळ काळ नेमका कधीचा?

त्याच्याही मागे जायचं तर मुंबईची चौरंगी आणि नंतरची पंचरंगी स्पर्धा आहे. तिथे संघच धर्मावर पाडलेले: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेला उघड विरोध केला आणि हिंदूंचा संघ त्या वर्षी उतरला नाही. पुढे स्पर्धाच बंद झाली. पळवणकर बाळू हे त्या काळातले हिंदू संघाचे सर्वोत्तम गोलंदाज. त्यांच्या जातीमुळे चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. खेळात राजकारण नव्हतं असं म्हणणं हा बाळूंवर अन्याय आहे.

पाकिस्तानशी सामना नको म्हणून खेळपट्टी उखडण्याचे प्रकारसुद्धा २००८ च्या आधीचेच. १९९१ मध्ये वानखेडेची उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटलाची उखडली. खेळपट्टी म्हणजे काय, हे रोलर ओढलेल्या माणसाला विचारा. पाणी मारायचं, ऊन खाऊ द्यायचं, पुन्हा रोलर, पुन्हा पाणी. अंगठ्याने दाबून बघायचं, आतली ओल किती उरलीय ते. घाई केली तर भेग पडते आणि चेंडू कुठेही उसळतो. २०२४ च्या जानेवारीत आपल्या पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा त्या बावीस यार्डांकडे बघताना मला कोटलाच आठवत होतं. १९९९ मध्ये माळ्यांनी कोटलाची खेळपट्टी पुन्हा उभी केली, आणि महिनाभरात तिच्यावरच अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी बाद केले.

आता नकाराचं. १९६८ मध्ये इंग्लंडने संघात बेसिल डी'ऑलिव्हेरा यांना घेतलं. ते कृष्णवर्णीय म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो संघ घ्यायला नकार दिला आणि दौरा रद्द झाला. त्यानंतर दोनेक वर्षांत दक्षिण आफ्रिका जागतिक क्रिकेटबाहेर गेली, ती परत आली नोव्हेंबर १९९१ मध्ये, तीही ईडन गार्डन्सवर. १९८६ च्या आशिया कपसाठी भारत श्रीलंकेत गेला नाही. १९९०-९१ चा आशिया कप भारतात होता, त्याला पाकिस्तान आला नाही. १९९६ च्या वर्ल्डकपमध्ये कोलंबोतल्या बॉम्बस्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज तिथे खेळायला गेले नाहीत. तेव्हा श्रीलंकेला धीर द्यायला कोण गेलं? भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंचा एकत्र संघ! हे लिहितानाही ऊर भरून येतो. २००३ मध्ये इंग्लंड हरारेला गेला नाही, न्यूझीलंड नैरोबीला गेला नाही. कुणाचं कारण सुरक्षेचं, कुणाचं राजकारणाचं, बहुतेकांचं दोन्ही. पण रीत भारताने पाडलेली नाही.

पाकिस्तानातलं क्रिकेट कशामुळे थांबलं, यात वादाला जागाच नाही. ३ मार्च २००९ ला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला. २०११ च्या वर्ल्डकपचं सहयजमानपद त्यातूनच गेलं, आणि कसोटी क्रिकेट तिथे परतलं ते थेट डिसेंबर २०१९ मध्ये. भारताने २६/११ नंतर दौरे थांबवले हे खरं, पण बाकीचे देश आपल्या सांगण्यावरून घरी बसले नव्हते.

प्रेक्षकांवरचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. १९९९ ची चेन्नई कसोटी आठवा. पाठीच्या दुखण्याने कळवळत सचिनने १३६ केल्या, तरी आपण १२ धावांनी हरलो. सगळं मैदान सुन्न झालं होतं. आणि मग लोक उभे राहिले, आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या स्टँडसमोर सामना संपवावा लागला, हेही मी लपवणार नाही. पण २००४ मध्ये व्हिसा मिळाला तसे हजारो भारतीय लाहोर-कराचीला गेले, ते काही तोंड बघायचं नाही म्हणून नव्हे. दौरा होणार की नाही हे सरकार ठरवतं. प्रेक्षकाला कुणी विचारत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला भारताला झोडायचंच होतं, तर खरी जागा दुसरीच होती. १९९६ आणि २००३ मध्ये जे गेले नाहीत त्यांनी गुण गमावले. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आपण पाकिस्तानात गेलो नाही, तर आपले पाचही सामने दुबईत झाले, अंतिम सामनासुद्धा. दक्षिण आफ्रिकेचा संघ उपांत्य सामना कुठे होणार हे ठरायच्या आधी दुबईला गेला आणि सामना खेळायला लाहोरला परत आला. आपण एकाच मैदानावर बसून होतो. मी भारताच्या विजयाने आनंदलो, पण यजमान देशात न जाण्याची किंमत बाकीच्यांनी मोजावी, हे अंपायर म्हणून मला पटत नाही.

२०२७ पर्यंत हे असंच चालायचं ठरलंय, दोन्ही बाजूंनी: एकमेकांच्या देशात जायचं नाही, तिसरीकडे खेळायचं. २०२५ चा महिला वर्ल्डकप भारतात होता, तरी पाकिस्तान कोलंबोत खेळला. पाकिस्तान अंतिम फेरीत गेला तर फायनल कोलंबोत, नाहीतर भारतात, असं वेळापत्रकातच छापलेलं. माझी भाची कॉलेजच्या संघात ऑफस्पिन टाकते. तिला फायनल बघायला नवी मुंबईला जायचं होतं. पाकिस्तान बाहेर पडेपर्यंत तिने सिद्धेश्वर एक्सप्रेसचं आरक्षण केलं नाही. रोज रात्री गुणतक्ता बघायची. एकदा मला म्हणाली, "मामा, त्यांची ती लेगस्पिनर मुलगी चांगली टाकते ओ. आणि मला त्या हराव्यात म्हणून देवाला सांगावं लागतंय."