हॉकीवाले वाघ आणि फुटबॉलवाले रडके, असं कोण म्हणतंय?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत एकदा तो फॉरवर्ड आला. एका बाजूला आइस हॉकीचा खेळाडू, पुढचे दात पडलेले, तोंडात रक्त आणि तरी हसतोय, दुसऱ्या बाजूला फुटबॉलवाला पाय धरून गवतावर लोळतोय, आणि खाली लिहिलंय की हा मोडक्या पायानं खेळतो आणि ह्याला वारा लागला तरी पडतो. झालं, पेटला ग्रुप. आमचं घर कोल्हापूरच्या पेठेतलं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या फुटबॉल टीम समोरासमोर असल्या की आजही त्या दिवशी घरात दुसरं काही ठरवत नाहीत. त्यात एक चुलतभाऊ नोकरीला पुण्यात खडकीला गेला, धनराज पिल्लेच्या खडकीत, आणि तिथं जाऊन पक्का हॉकीवाला झाला. तो म्हणतो फुटबॉलवाले रडके, दादा म्हणतो ये एकदा ग्राउंडवर. शेवटी सगळ्यांनी मला धरलं, ताई तू कॅनडात आहेस, तुझ्यासमोर दोन्ही खेळ आहेत, तूच सांग खरा दमाचा कोण.

सांगते. माझं मत असं आहे की हॉकीवाल्याच्या आणि फुटबॉलवाल्याच्या हाडात काही फरक नसतो, फरक असतो नियमात. खेळ ज्याला बक्षीस देतो ते खेळाडू करतो, मग ते उभं राहणं असो की पडणं.

इथं हॉकी म्हणजे बर्फावरची. माझा मुलगा हिवाळ्यात ती खेळतो आणि उन्हाळ्यात सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, त्यामुळे अर्धं वर्ष मी रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेमागं आणि अर्धं वर्ष घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला. भल्या पहाटे रिंकवर जायचं, चेंजिंग रूममध्ये तो ओल्या पॅडचा आंबूस वास, आणि मग एकेक चढवायचं, शिन पॅड, जाड पँट, कोपराचे पॅड, खांद्याचे पॅड, गळ्याला नेक गार्ड, जाळीचं हेल्मेट, हातमोजे. तेच पोरगं जूनमध्ये हाफ पँट, मोजे आणि त्यात दोन प्लास्टिकचे शिन गार्ड घालून पळत असतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एवढं एकच जरी नीट बघितलं असतं तरी अर्धा वाद मिटला असता.

पण हॉकीवाल्यांचं काही खोटं नाही हां, ते आधी बोलते. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, मॅचच्या आधी गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही. २०१२ साली झ्देनो चारानं ऑल-स्टारच्या, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, वेळी मारलेला शॉट ताशी १०८.८ मैल मोजला गेला, म्हणजे साधारण १७५ किलोमीटर, आणि असल्या शॉटसमोर बचावाचे खेळाडू मुद्दाम आडवे पडतात, गोली नव्हे, साधे खेळाडू. शिकागोच्या डंकन कीथचे २०१० मध्ये एका पकनं सात दात गेले आणि तो त्याच मॅचमध्ये परत आला. टोरांटोत तर बॉबी बॉनची गोष्ट आजही सांगतात, १९६४ च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे इथल्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या कपच्या, फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये पायाला लागलं, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, परत येऊन त्यानं ओव्हरटाइममध्ये गोल मारला, आणि नंतर कळलं की पायाचं हाड मोडलं होतं. टोरांटोनं सातवी मॅच जिंकून कप घेतला.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो ग्रेगरी कॅम्पबेल. ५ जून २०१३, बोस्टन विरुद्ध पिट्सबर्ग. बोस्टनचा एक खेळाडू पेनल्टीवर बाहेर, म्हणजे बर्फावर चार विरुद्ध पाच, आणि समोरून येव्हगेनी माल्किननं शॉट मारला. कॅम्पबेलनं पाय आडवा घातला आणि त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. तो उठला. जवळपास मिनिटभर तो एका पायावर ढकलत ढकलत पासच्या वाटेत स्टिक घालत उभा होता, त्याला वळता येत नव्हतं, नीट सरकता येत नव्हतं, सगळं स्टेडियम ओरडत होतं. बोस्टननं ती मॅच डबल ओव्हरटाइममध्ये २-१ जिंकली, गोल पॅट्रिस बर्जरॉनचा. हाच बर्जरॉन त्याच महिन्यात फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला आणि शेवटी फुप्फुसाला छिद्र पडून हॉस्पिटलात गेला.

आता कॅम्पबेल कशामुळं उठला, हे विचारा. एनएचएल म्हणजे इथली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, तिचा नियम असा आहे की खेळाडू पडला म्हणून खेळ थांबत नाही, पक त्याच्या टीमकडं येईपर्यंत चालू राहतो, अगदी गंभीर दुखापत दिसली तरच रेफरी शिट्टी मारतो. म्हणजे कॅम्पबेल पडून राहिला असता तर बर्फावरच्या चौघांचे तीन झाले असते, गोल जवळजवळ पक्का. धीर त्याचाच, त्यात शंका नाही, पण त्या धीराला खेळानं दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. आणि उलट, हॉकीत कुणी नाटक करून पडला तर त्यालाच दोन मिनिटांची पेनल्टी मिळू शकते, टीम एक माणूस कमी घेऊन खेळते, मग कोण कशाला लोळेल.

फुटबॉलमध्ये नेमकं उलटं. धक्का लागून तोल सावरत पळत राहिलात तर बहुतेक वेळा फाऊल मिळतच नाही, पडलात तर मिळतो. पेनल्टी एरियात एक फाऊल म्हणजे अख्खी मॅच, कारण गोल मुळात होतातच एक किंवा दोन. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये नेमार लोळला ते सगळ्या जगानं पाहिलं आणि मला ते आवडलेलं नाही, माझ्या मुलानं तसं केलं तर मी त्याला घरी आल्यावर बोलणार. पण ती फसवणूक आहे, नाजूकपणा नव्हे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि फॉरवर्ड नेमक्या त्याच एकत्र करतो. ह्याच नेमारचा त्याच्या चार वर्षं आधी, २०१४ ला, कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसून मणका मोडला होता, ते कुणी मीमवर टाकत नाही.

आणि फुटबॉलवाल्यांना जेव्हा खेळानं दुसरा रस्ता ठेवला नाही तेव्हा त्यांनी काय केलं ते बघा. १९५६, इंग्लंडच्या एफए कपची फायनल, मँचेस्टर सिटीचा गोली बर्ट ट्राउटमन समोरच्याच्या पायावर झेपावला, मान मोडली, आणि शेवटची सतराएक मिनिटं तो तसाच गोलमध्ये उभा राहून आणखी बॉल अडवत होता. तेव्हा बदली खेळाडूच नव्हते, गोली गेला तर दहाजण आणि गोलमध्ये भलताच कुणीतरी. मान मोडलीय हे काही दिवसांनंतर एक्स-रेमध्ये कळलं. १९७० च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला बेकनबाउअरचा खांदा गेला, जर्मनीच्या दोन्ही बदल्या वापरून झाल्या होत्या, तो हात छातीला बांधून इटलीविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपेपर्यंत खेळला. हे तेच रडके ना?

दमाचंही तसंच. हॉकीत एक शिफ्ट पाऊण मिनिटाची, तेवढ्यात जीव तोडून स्केट करायचं आणि बेंचवर यायचं, बदल्यांना मोजमाप नाही, साठ मिनिटांच्या मॅचमध्ये पुढच्या फळीतला खेळाडू पंधरा-वीस मिनिटं बर्फावर असतो. फुटबॉलवाला नव्वद मिनिटं आत, दहा-अकरा किलोमीटर पळतो, बाहेर गेला की परत आत नाही. आमच्या शाहू स्टेडियमवर भर उन्हाळ्यात टणक जमिनीवर नव्वद मिनिटं काढणाऱ्या पोराला कुणी नाजूक म्हटलं की मला राग येतो. त्यात बर्फावर धक्का बसला तर माणूस सरकतो, पॅड मार खातात. गवतात स्टड रुतलेले असतात, पाय तिथंच आणि अंग फिरतं, मग गुडघ्याचं लिगामेंट जातं, आणि तसं कुणाच्या धक्क्याशिवायही होतं. दिसायला काहीच नाही, रक्त नाही, दात नाहीत, आणि पोरगं नऊ-दहा महिने घरी. कोल्हापुरात अशी किती पोरं गुडघा घेऊन कायमची बसली ते दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

खडकीवाल्या भावाचं म्हणणं की आपली हॉकी तर ह्या दोघांपेक्षा भारी, त्यात पॅडही नाहीत आणि बॉलही दगडासारखा. ह्यात बरंच तथ्य आहे. बॉल दीडशे ग्रॅमच्या वर, पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं येतो आणि पहिला रशर, म्हणजे तो अडवायला पुढं धावणारा बचावाचा खेळाडू, सरळ त्याच्याच दिशेनं धावत सुटतो, मास्क आणि गुडघ्याचे पॅड बांधून, बाकी अंग उघडंच. आपला अमित रोहिदास हेच काम करतो. पॅरिस ऑलिंपिकला ४ ऑगस्ट २०२४ ला ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्याला रेड कार्ड मिळालं आणि बाकीचे दहाजण चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लढले, १-१ वर धरलं आणि शूटआऊट ४-२ नं जिंकले. मी ती मॅच इथं सकाळी उठून पाहिली आणि शेवटी रडले. पण तिथंही बघ भावा, त्या हॉकीत बदल्या कितीही करता येतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, म्हणून तर त्या वेगानं खेळता येतं. परत नियमच.

आता ज्यासाठी मला हे एवढं लिहावंसं वाटलं ते. हाड मोडलं तर जुळतं. दात बसवता येतात. डोक्याचं तसं नाही, आणि ह्या 'मोडलं तरी खेळतो' वाल्या कौतुकात डोकंही मोडण्यातच धरलं जातं. २०१४ ची वर्ल्ड कप फायनल आठवा, जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर, समोरच्याचा खांदा चेहऱ्यावर बसला, उठला, खेळत राहिला, आणि थोड्या वेळानं रेफरीला जाऊन विचारलं की ही फायनल आहे का. मग त्याला बाहेर काढलं. मार बसल्यापासून चौदाएक मिनिटं तो तसाच जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये होता. हॉकीत डेरेक बूगार्ड, मारामारीसाठीच टीममध्ये घेतलेला धिप्पाड पोरगा, २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला, मेंदू तपासला तर वारंवारच्या मारानं होणारा सीटीई आजार सापडला. फुटबॉलमध्ये इंग्लंडचा जेफ ॲसल, आयुष्यभर हेडर मारले, २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, त्याच्याही मेंदूत तेच निघालं. इथं दोन्ही खेळ एका ओळीत येतात.

आणि आपल्या घरातही आहे. दादाला कॉलेजात असताना एका टुर्नामेंटमध्ये कॉर्नरच्या वेळी डोक्याला डोकं लागलं. तोंडावर पाणी मारलं, दोन मिनिटं बसवलं, परत आत. शेवटपर्यंत खेळला, पोरांनी खांद्यावर घेतला, वाघ आहे वाघ म्हणाले. रात्री घरी उलट्या, लाईट सहन होईना, आई उशाशी बसलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मॅचचा सेकंड हाफ आठवत नव्हता. चार दिवसांनी पुढची मॅच होती आणि तो ती खेळला. काही झालं नाही हे नशीब.

नशीब का म्हणते ते सांगते. ऑटावात रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी होती, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन. २०१३ मध्ये थोड्या दिवसांत डोक्याला लागोपाठ मार बसले, पहिला मार बरा व्हायच्या आत पुढचा, मेंदूला सूज आली आणि ती गेली. तिच्या नावानं आमच्या ऑन्टारियो प्रांतानं २०१८ मध्ये कायदा केला. म्हणून दर वर्षी सीझनच्या आधी मी आणि मुलगा कन्कशनची, म्हणजे मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेची, माहिती वाचून फॉर्म भरतो, आणि ग्राउंडवर शंका जरी आली तरी खेळाडूला त्या दिवशी बाहेर काढावंच लागतं, डॉक्टरनं बघितल्याशिवाय पूर्ण खेळात परत नाही. कॅनडाच्या हॉकीनं २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या पोरांचं बॉडी चेकिंगच, म्हणजे समोरच्याला अंगानं धडक देणं, बंद केलं. तेव्हा इथंही खूप आरडाओरडा झाला, पोरं बायकी होतील वगैरे, अगदी आपल्या ग्रुपवर चालतं तेच. खेळ काही मेला नाही, रिंक भरलेलेच असतात.

दादा, तू आता पेठेतल्या पोरांना शिकवतोस म्हणून हे तुला सांगतेय. ह्याला पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. डोक्याला लागलं की पोराला कडेला घे आणि विचार, आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, पहिला हाफ चाललाय की दुसरा, शेवटचा गोल कुणी मारला, मागची मॅच कुणाबरोबर झाली, आपण जिंकलो का. एक जरी चुकलं तरी त्या दिवशी आत नाही, मग फायनल असू दे नाहीतर समोर कुठलीही तालीम असू दे. सगळी उत्तरं बरोबर आली तरी डोकं दुखतंय, मळमळतंय, अंधारी येतेय म्हणाला तर तरीही नाही, आणि त्या रात्री घरचं कुणीतरी जागं पाहिजे. कुणी म्हणालं की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तर तुझ्या त्या मॅचच्या रात्रीचं सांग, आईला फोन लाव, तिला सगळं आठवतंय.