माणसं सोडा, बस अडवा

बॉर्डर म्हटलं की आमच्या परभणीकडच्या माणसाच्या डोळ्यापुढं एकच गोष्ट येते ती म्हणजे वाघा, ते तुऱ्याचे जवान, ते डोक्यापर्यंत जाणारे पाय, ते धाडकन लागणारं गेट आणि घसा बसेपर्यंत ओरडणारं पब्लिक. १९५९ पासून तो कार्यक्रम तिकडं रोज संध्याकाळी होतो आणि आमच्याकडं रोज सकाळी होतो, व्हॉट्सअपवर. त्यामुळं पशुपतिनाथाच्या यात्रेला निघालेल्या आमच्या बसमधल्या निम्म्या मंडळींनी नेपाळच्या हद्दीवर सोनौलीला उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न काय केला तर, "पाय आपटणारे कुठं हायत?"

पाय आपटणारं कुणीच नव्हतं. धुळीचा रस्ता, ट्रकांची अशी रांग की शेवटचा ट्रक बहुतेक गोरखपूरातच उभा असावा, ई-रिक्षा, सायकली, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, आणि मधी कमान. कमानीच्या अलीकडं उत्तर प्रदेशचा महाराजगंज जिल्हा, पलीकडं नेपाळचं बेलहिया. आणि लग्नात मांडवाच्या मागनं पोरं आतबाहेर करतात ना, तशी माणसं दोन देशांत आतबाहेर करू लागलेली. एक जण तर नेपाळातनं आला, भारतात पानटपरीवर पान लावलं, आणि पिचकारी मारायला परत नेपाळात गेला.

तर ही उघडी सीमा. १९५० चा मैत्री करार आहे दोन देशांचा, त्यात एकमेकांच्या माणसांना येण्याजाण्याची, राहण्याची मोकळीक. सतराशे एक्कावन्न किलोमीटरची बॉर्डर, उत्तराखंडपासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागून, आणि आपल्या माणसाला व्हिसा नाही. ओळखीला पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड असलं की झालं. आधार तेवढं नेपाळच्या प्रवासाला धरत नाहीत, हे आपलंच सरकार सांगतं. आता आमच्याकडं आधारशिवाय रेशन मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, त्यामुळं प्रत्येकानं आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणलेला, काकूंनी तर लॅमिनेशन करून गळ्यात अडकवलेलं. पण सुदैवानं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला उरकूनच आम्ही निघालेलो, त्यामुळं मतदान कार्डं सगळ्यांची पिशवीत वरच होती. एसएसबीच्या जवानानं, म्हणजे ह्या बॉर्डरवर पहारा असतो त्या सशस्त्र सीमा बलाच्या, काकूंना कार्ड मागितलं तर त्यांनी सरळ शाईचं बोट दाखवलं. "कार्ड काय बघायलास बाबा, हे बघ, ताजं हाय." पोरगं हसलं आणि जाऊ दिलं.

एवढं सोपं. माणसाचं. पण आमच्या यात्रेत माणसांबरोबर एक बस होती आणि खरी गंमत तिथं होती.

माणूस मोकळा आहे पण गाडी मोकळी नाही. भारताची गाडी नेपाळात न्यायची तर तिचं भन्सार भरावं लागतं, म्हणजे जकात, किती दिवस आत राहणार तेवढ्या दिवसांची, आणि प्रवासी गाडीला वरनं रस्त्याचं परमिट वेगळं. त्याला आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन, प्रवाशांची यादी. आमचा ट्रॅव्हल्सचा मॅनेजर (कंपनीचं नाव सांगत नाही, गावात तोंड दाखवायचंय) फाईल बगलेत मारून "अर्ध्या घंट्यात आलो, कुणी लांब जाऊ नका" म्हणून गेला. मी फेरफाराच्या नोंदीसाठी तहसीलला लई बसलेलो माणूस आहे, अर्धा घंटा म्हणजे काय हे मला कळतं. मी चप्पल काढून उशाशी घेतली.

मामा मात्र अस्वस्थ. मामा म्हणजे बायकोचे, आता सगळ्या बसचे. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात सोयाबीनचे पैसे होते, हमीभाव ४८९२ जाहीर झालेला आणि हातात त्याच्या कितीतरी खालचा भाव पडलेला, त्यामुळं एक एक नोट त्यांना मोजूनमापून प्यारी, आणि त्या सगळ्या पाचशेच्या. आणि नेपाळ सरकारनं डिसेंबर २०१८ मधी शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केलेल्या. हे ऐकल्यावर मामा म्हणले, "आपल्याकडं रात्री आठला बंद करतात, हे बी तसलेच का." मग अलीकडच्या बाजूलाच नोटा बदलून देणारा गाठला. एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी, १९९३ पासून हाच भाव बांधून ठेवलाय नेपाळनं, तो काही सोयाबीनसारखा पडत नाही. बदलणाऱ्यानं वर आपलं कमिशन कापलं तरी हातात गठ्ठा जाड आला. शंभराचे जवळजवळ दीडशे! मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना हमीभावाच्या वर दिलं होतं. कमानीपलीकडं जाऊन चहा पिईपर्यंत ते श्रीमंत होते. चहावाल्यानं विचारलं, आयसी की एनसी? म्हणजे इंडियन करन्सी का नेपाळी. मामांना वाटलं साखरेचं विचारायलंय, म्हणले, "एनसी, पण कमी टाका."

मामांनी मग चहा पिता पिता त्यांच्या वडलांची गोष्ट काढली, आणि मला सांगायला हरकत नाही की सगळ्या दिवसात तेवढीच गोष्ट मी मन लावून ऐकली. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, हे सगळ्यांना पाठ आहे, झेंडावंदनाला भाषण ठोकावं लागतं. पण राज्य वेगळं म्हणजे नाकं वेगळं, हे कुणी सांगत नाही. मामा परंड्याकडचे. परंडा निजामाचा, बार्शी इंग्रजाची, मधी जेमतेम बैलगाडीचं अंतर, आणि त्या मधात करोडगिरीचं, म्हणजे निजामाच्या जकातीचं, नाकं. बार्शीच्या बाजारात माल न्यायचा तर करोडगिरी भरा, येताना लुगडं आणलं तर ते उलगडून दाखवा. पैसा सुद्धा वेगळा, इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार, सात हालीला सहा कलदार. मुक्तीच्या लढ्यात आपल्या लोकांनी रझाकारांशी झुंज दिली तशी ही करोडगिरीची नाकी बी जाळली. "मपल्या बापानं नाकं जाळलं," मामा म्हणले, "आन मी पैसे भरून नाक्यावर बसायला आलो."

इकडं बसला काय झालं होतं तर आचारी अडकला होता. यात्रेच्या बसच्या डिक्कीत आख्खं स्वयंपाकघर असतं, भगुणी, शेगड्या, तेलाचे डबे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आणि पीठ. भन्साराच्या माणसानं एक पोतं बोटानं दाबून विचारलं, हे काय. आचारी म्हणला, ज्वारीचं पीठ. त्याला ज्वारी कळंना. मग आचाऱ्यानं वासही दिला, "परभणी मोती हाय साहेब, आमच्या विद्यापीठाचं वाण," तरी कळंना. शेवटी त्या माणसानं पोत्याचं तोंड सोडायला लावलं, आचाऱ्यानं मूठभर पीठ काढलं, बाटलीतलं पाणी टाकलं आणि तिथंच, डिक्कीच्या दारावर, उजव्या तळव्यानं थापायला लागला. थाप, फिरव, थाप, फिरव. मागं चार-पाच ट्रकवाले जमले. भाकर ताटाएवढी झाली, कडा चिरल्या नाहीत, आणि ती दोन्ही हातांवर उचलून आचाऱ्यानं साहेबाच्या पुढं धरली. साहेबानं मान हलवली आणि पोतं पास केलं. कच्ची भाकर कुणी घेतली नाही, ती रस्त्यावरच्या गाईनं खाल्ली. गाय कुठल्या देशाची ते कळलं नाही, कागद तिच्याकडंही नव्हता.

ठेच्यानं मात्र घोळ घातला, घोळ म्हणजे आमच्यातच. एका ई-रिक्षावाल्यानं सांगितलं की इथं शंभर नेपाळी रुपयांच्या वरचं सामान नेलं की भन्सार लागतं. नियम खरा आहे, अलीकडच्या बाजारातनं साखर-साबण नेणाऱ्या तिकडच्या गरिबाला लई छळतो तो, पण यात्रेच्या शिध्याला असा लावत नाहीत हे त्यानं सांगितलंच नाही. शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट. झालं, बायांनी आपापल्या बरण्यांची किंमत काढायला सुरुवात केली. काकू म्हणायल्या माझी चटणी पन्नासाच्या आतली. दुसऱ्या म्हणायल्या, अहो किलोभर शेंगदाणेच दीडशेचे, तुमची पन्नासाची कशी? तर काकूंना वाटलं ह्या चटणीला नावं ठेवायल्या. भांडण जे पेटलं ते पशुपतिनाथाच्या पायरीपर्यंत विझलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मॅनेजर पावती फडकवत आला. सगळे गोळा झाले. मामांनी चष्मा लावून पावती वाचली, देवनागरीच होती, आणि ओरडले, "ओ मॅनेजर, तारीख चुकली! मंसिर २०८१!" तिकडं सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, ही भानगड कुणालाच माहीत नव्हती. काकूंना सालाचं काही नव्हतं, त्यांना महिन्याची काळजी. "मंसिर म्हंजे मार्गशीर्ष ना? आपला तर अजून कार्तिक चालू हाय, माझ्या कार्तिकातल्या दिव्यांचं काय?" मी समजावून सांगितलं की त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपले चंद्रावर, आणि आपलं शक १९४६ आहे, पैठणच्या शालिवाहनाचं. आणि आख्यायिका अशी आहे की शालिवाहनानं विक्रमाला हरवलं आणि नर्मदा ही हद्द ठरली, वर त्याचं संवत, खाली आपलं शक. म्हणजे खरी बॉर्डर आम्ही मध्य प्रदेशातच ओलांडली होती, झोपेत, आणि तिथं कुणी कागद विचारला नव्हता. हे मी लई रंगून सांगत होतो, पण ऐकायला फक्त ड्रायव्हर उरला होता आणि तोही हाका मारायला लागला होता, "चला बसा, चला बसा."

बस कमानीखालनं गेली. गजर झाला, पशुपतिनाथ महाराज की जय. बायकोनं मोबाइल बघितला तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. १९८६ पासून नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं आहे, अर्धा तास नाही, तास नाही, पंधराच मिनिटं. बॉर्डरला चिकटून असलात तर मोबाइल कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा, एकाच जागी बसून माणूस म्हातारा होतो आणि परत तरणा. मॅनेजर म्हणला, बघा उशीर झाला, आता मुक्कामालाच चहा. दिवसभर त्यानं घालवला त्याचं काही नाही, ह्या पंधरा मिनिटांवर बिल फाडलं.

आणि तेव्हा बायको म्हणली, "मामा कुठं हायत?"

मामा नव्हते. मामा पावती वाचून, तारखेचा निषेध म्हणून, चालत पुढं नेपाळात जाऊन चहाच्या टपरीवर बसलेले, बस येईल म्हणून. बस काही दिसंना म्हणून मग ते आम्हाला शोधायला परत भारतात गेले, आणि नेमकं त्याच वेळी बस नेपाळात शिरली. फोन लावावा तर मोबाइल तिकडच्या टॉवरला गेलेला आणि रोमिंग कुणीच घेतलेलं नाही. बस मागं घ्यायची म्हटलं तर मॅनेजरनं फाईल छातीशी धरली, म्हणला गाडी एकदा आत आली की आली, परत बाहेर काढली तर सगळं पहिल्यापासून. मग मी पायी भारतात गेलो. कुणी विचारलं नाही. मामा सापडले नाहीत. मी पायी नेपाळात आलो, कुणी विचारलं नाही, तर मामा बसजवळ उभे राहून मला शिव्या घालायलेले, "कुठं मराय गेला होतास, सगळी बस तुझ्यासाठी खोळंबली!"

गाडीत चढल्यावर मामांनी जाहीर केलं की आता पशुपतिनाथ येईपर्यंत मी खाली पाय ठेवणार नाही. भैरहवा मागं टाकतो न टाकतो तोच शिट्टी वाजली. पोलीस चेकिंग. सगळ्यांनी खाली उतरा म्हणे.

मामा उतरले नाहीत. पोलीस वर चढला. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण थोड्या वेळानं पोलीस खाली आला तेव्हा त्याच्या हातात शेंगदाण्याची चटणी होती, कागदात बांधलेली, आणि काकू खालनं ओरडत होत्या की ती माझ्या बरणीतली हाय.