विभाजनाआधी व्यवहाराची सीमा तपासावी

मोनोलिथ, म्हणजे एकसंध बांधलेली सॉफ्टवेअर प्रणाली, हे मागासलेपणाचे लक्षण असून प्रत्येक कंपनीने मायक्रोसर्व्हिसेसकडे, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या सेवांकडे वळावे, हे एका लेखातील प्रतिपादन सरसकट मान्य करता येत नाही. पणजीत हॉटेलांसाठी आरक्षण व बिलिंगची प्रणाली सांभाळणाऱ्या आमच्या लहान गटाला खरी चिंता असते ती व्यवहाराच्या अखंडतेची. खोलीचे आरक्षण, आगाऊ रकमेची नोंद आणि जीएसटीचे बिल एकाच डेटाबेसमध्ये असेल, तर मध्येच काही बिघडल्यास एका रोलबॅकने, म्हणजे सारे बदल एकत्र मागे घेण्याने, सारे पूर्ववत होते. हीच कामे तीन सेवांत आणि तीन डेटाबेसमध्ये वाटली, की प्रत्येक पायरी उलटवणारी वेगळी पायरी लिहावी लागते आणि तीही अपयशी ठरू शकते, हे गृहीत धरावे लागते. संगणकशास्त्रज्ञ गार्सिया-मोलिना आणि सेलम यांची १९८७ मधील ‘सागा’ पद्धत ती हीच. मात्र ती दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांसाठी मांडली गेली होती, क्षणात उरकणाऱ्या आरक्षणासाठी नव्हे.

अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका गटाने २०२३ मध्ये वेगवेगळ्या सेवांत विभागलेले व्हिडिओच्या दर्जा-तपासणीचे साधन एका मोनोलिथमध्ये एकत्र करून खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटवल्याचे सांगितले. ते एकच साधन होते, संपूर्ण सेवा नव्हे, हे मोनोलिथचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

आम्ही मॉड्यूलर मोनोलिथ राखतो, म्हणजे प्रणाली एकच, पण आत स्पष्ट विभाग (मॉड्यूल): एका मॉड्यूलने डेटाबेसमधील दुसऱ्याचे टेबल थेट वाचायचे नाही. वेगळे करायचेच झाले, तर डिसेंबरमध्ये सर्वाधिक ताण येणारा, केवळ वाचन करणारा खोल्यांचा शोध मी आधी निवडेन; बिलिंगला हात लावणार नाही.