फोरुग फर्रुखजादने मुलाला टाकलं नव्हतं

ताईने परवा मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "हिनेही मुलाला सोडलं होतं का गं?" तिचा घटस्फोटाचा खटला चालू आहे, मुलगा सध्या वडिलांकडे आहे. तो 'हिनेही' वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

फॉरवर्ड आहे इराणी कवयित्री फोरुग फर्रुखजादवर. याआधी दोन ग्रुपवर तो दिसला होता तेव्हा मी दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. त्यात म्हटलंय, तिने प्रेमप्रकरणापायी पोटच्या पोराला टाकलं, तिच्या कविता खरं तर प्रियकराने लिहिल्या, ती नुसता शृंगार लिहायची आणि शेवटी इस्लामी सरकारने तिला ठार मारलं.

शेवटचा मुद्दा आधी घेते, लगेच मिटतो. फोरुग १३ फेब्रुवारी १९६७ला तेहरानमध्ये मोटार अपघातात गेली, अवघी ३२ वर्षांची असताना. तेव्हा गादीवर शहा होता. इस्लामी क्रांती झाली १९७९मध्ये. क्रांतीनंतर तिच्या पुस्तकांवर बंदी आली, पुढेही ती कात्री लावूनच निघाली, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून खून रचायचा?

आता मुलाचं. सोळाव्या वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून तिने परवीझ शापूरशी लग्न केलं. १९५२मध्ये कामयार झाला, १९५५मध्ये घटस्फोट. तेव्हाच्या इराणच्या दिवाणी कायद्यात मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंतच आईकडे, मुलगी सातपर्यंत, त्यानंतर ताबा बापाचा. कामयारने दोन वर्षं कधीच ओलांडली होती. तिथे आईने मूल 'टाकायचा' प्रश्नच कुठे येतो? ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. त्याच वर्षी ती मनाने इतकी कोसळली की तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. मुलाचा ताबा कोर्टाने ठरवावा, अशी सोय करणारा कुटुंब संरक्षण कायदा आला १९६७च्या जूनमध्ये. ती फेब्रुवारीतच गेली होती.

आणि ज्यांना कायदा वाचायचा नाही त्यांनी तिची 'शेरी बराये तो' वाचावी, म्हणजे 'तुझ्यासाठी एक कविता'. १९५७ची आहे, कामयारला अर्पण केलेली. त्यात ती सांगते की तुझ्या पाळण्याच्या पायथ्याशी म्हटलेली ही माझी शेवटची अंगाई. आपल्यावर लागलेला बदनामीचा डागही ती त्यात लपवत नाही. मुलगा मोठा होऊन कधीतरी हे वाचेल आणि मला या शब्दांत शोधेल, या आशेवर ती लिहिते. मुलाला टाकलेली बाई असं लिहील? मी ही कविता चार-पाच वेळा वाचली आहे आणि दर वेळी त्या अंगाईपाशी थांबले आहे.

प्रियकराने कविता लिहिल्या म्हणे. चित्रपटकार इब्राहिम गोलेस्तान तिला भेटला १९५८मध्ये. तिचे कवितासंग्रह त्याआधीचे: 'असीर' १९५५चं, 'दीवार' १९५६चं. वाद पेटवणारी 'गुनाह' ही कविता तर त्याही आधीची. गोलेस्तानच्या स्टुडिओत तिला काम मिळालं, सिनेमा शिकायला मिळाला आणि १९६४चं 'तवल्लुदी दीगर' हे तिचं सर्वांत पक्व पुस्तक त्याच काळातलं, एवढं नाइलाजाने मान्य करते. पण म्हणून लेखणी त्याची होत नाही.

राहिला शृंगार. ती नुसत्या त्यातच रमली नव्हती. १९६२मध्ये तिने तब्रीझजवळच्या बाबाबाग़ी कुष्ठवसाहतीत 'खाने सियाह अस्त' हा जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा माहितीपट केला. चित्रीकरणाला बारा दिवस लागले. तिथून परतताना एका कुष्ठरोगी जोडप्याचा मुलगा, हुसेन मन्सूरी, तिने त्यांच्या संमतीने सोबत आणला आणि दत्तक घेतला. त्या फॉरवर्डमध्ये हुसेनचं नाव नाही, त्या अंगाईच्या कवितेचंही नाही. ताईला मी दोन्ही कळवलं आहे.