‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’ला ‘पोरांचं कार्टून’ म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी

‘द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’चा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. डोळे केवढे मोठे, हातपाय काड्यांसारखे, चेहऱ्यावर धड सावलीसुद्धा नाही, हे काय पोरांचं कार्टून! २००८-०९ची ही मालिका २६ भागांत गुंडाळली गेली, आणि बरेच जण तिला पहिल्या दोन मिनिटांतच रामराम ठोकतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. चित्रं साधी आहेत म्हणूनच ही मालिका स्पायडर-मॅनच्या सगळ्या मालिकांत उजवी ठरते. आणि ती बंद पडली त्यात चित्रांचा किंवा कथेचा काडीचाही दोष नाही.

आधी हिशेब मांडू. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात, म्हणजे १३२० सेकंद. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एकच पात्र पूर्णवेळ हलतं ठेवायचं म्हटलं तरी एका भागाला १५,८४० चित्रं लागतील. टीव्हीच्या बजेटमध्ये हे कोणाच्या बापाला जमत नाही. मग काटकसर सुरू होते: माणूस पुतळ्यासारखा उभा आणि फक्त ओठ हलतात, पात्र जागेवर आणि मागची इमारत सरकते, तीच उडी चार भागांत पुन्हा पुन्हा दिसते.

त्यात स्पायडर-मॅन म्हणजे ॲनिमेटरच्या डोक्याला ताप, कारण पोशाखावरचं जाळं. प्रत्येक चित्रात प्रत्येक रेघ शरीराच्या वळणाप्रमाणे नव्याने ओढायची. रेघ जराशी सरकली की अंगावर किडे वळवळल्यासारखं दिसतं. १९६७च्या मालिकेने सरळ तोड काढली होती: जाळं फक्त मुखवटा, हातमोजे आणि बुटांवर, छाती कोरी. १९९४च्या मालिकेने स्नायू, सावल्या सगळं ठेवलं आणि त्याची किंमत हालचालीत मोजली. तेच ते शॉट किती वेळा आले हे तिच्या चाहत्यांनाही पाठ आहे. २००३ची एमटीव्हीवरची मालिका कॉम्प्युटरवर बनली. तिथे मॉडेल एकदा तयार झालं की जाळं फुकटात मिळतं, पण प्रत्येक नवी खोली आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून घडवावा लागतो. ती तेरा भागांत आटोपली.

‘स्पेक्टॅक्युलर’च्या पात्रांची रचना शॉन गॅलवे यांची. त्यांनी खांदे, कोपर, जबडा असे मोजके ठळक आकार ठेवले, सावल्या अगदी कमी केल्या आणि जाळ्याच्या चौकटी मोठ्या केल्या. एका चित्रातल्या रेघा घटल्या की तेवढ्याच पैशात जास्त चित्रं निघतात. शिवाय काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत व्हायचं, तेव्हा शंभर हातांनी काढलेलं पात्र एकसारखं दिसायला आकार सोपाच हवा. वाचलेलं सगळं बजेट मग मारामारीत ओतलंय. स्पायडर-मॅन झोके घेताना शरीर ताणतं, आखडतं, पाय आधी येतात आणि धड मागून. लांबून बघितलं तरी ही चाल त्याचीच आहे हे कळतं.

मुखवट्याचाही पुरेपूर फायदा घेतलाय. तोंड झाकलेलं, त्यामुळे ओठ जुळवायची भानगड नाही. स्पायडर-मॅनला आवाज देणारा जोश कीटन वाट्टेल तेवढी बडबड करू शकतो. भाव दाखवायला डोळ्यांच्या दोन पांढऱ्या काचा आहेत, त्या बारीक होतात, विस्फारतात. आता अकरावा भाग, ‘ग्रुप थेरपी’, बघा. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, गाढ झोपेत असतो आणि त्याच्या अंगावरचा काळा सूट, जो मुळात एक जिवंत परजीवी आहे, त्याला घेऊन एकत्र आलेल्या सहाही खलनायकांशी लढतो. एक शब्द बोलत नाही. दहा भाग ज्याची टकळी बंद झाली नाही तो एकदम मुका होतो, आणि काहीतरी भयंकर बिघडलंय हे कोणी सांगावं लागत नाही. काळ्या सूटवर जाळं नाही, नुसता पांढरा कोळी; रेघ नाही म्हणून वेगाला अडसर नाही. माझ्या मते मालिकेतली सर्वांत सफाईदार मारामारी हीच.

लेखनातही तीच काटकसर. मालिका घडवणाऱ्या ग्रेग वाइसमन आणि व्हिक्टर कुक यांनी भाग तीन-तीनच्या, क्वचित चारच्या गटांत बांधले आणि प्रत्येक गटाची नावं शाळा-कॉलेजच्या एकेका विषयातून घेतली: पहिले तीन जीवशास्त्र, पुढचे तीन अर्थशास्त्र, पहिल्या सीझनचे शेवटचे चार मानसशास्त्र. पहिला भाग सप्टेंबरात सुरू होतो, तेरावा नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला संपतो. खलनायकसुद्धा आभाळातून पडत नाही. व्हेनम, म्हणजे तोच काळा सूट एडी ब्रॉकच्या अंगावर चढून झालेला खलनायक, येतो पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी, पण एडी सुरुवातीपासून समोर आहे, पीटरचा मोठ्या भावासारखा दोस्त, डॉ. कॉनर्सच्या प्रयोगशाळेत काम करणारा. तिसऱ्या भागात पीटर लिझर्डचे, म्हणजे सरड्यासारखा राक्षस झालेल्या खुद्द कॉनर्सचेच, फोटो वर्तमानपत्राला विकतो, आणि तिथे एडीच्या मनात पहिली तेढ पडते. पुढचे दहा भाग ती वाढत जाते. व्हेनमला फक्त दात आणि जीभ देऊन सोडून देणाऱ्यांनी हे बघावं.

शॉकर या खलनायकावरून कट्टर कॉमिक्सवाले अजून भांडतात. कॉमिक्समध्ये तो हर्मन शुल्ट्झ, इथे पहिल्या भागापासून दिसणारा भाडोत्री गुंड मोंटाना. मला हा बदल पूर्ण पटतो. ओळखीच्याच माणसाच्या अंगावर नवा सूट चढवला की त्याची ओळख करून द्यायची पाच मिनिटं वाचतात. दुसरा बदल मात्र नाइलाजाचा होता. गुन्हेगारी जगताचा बादशहा म्हणून किंगपिन हवा होता, पण त्याचे हक्क या मालिकेकडे नव्हते. मग ती गादी टूम्बस्टोनला दिली: बाहेर दानशूर प्रतिष्ठित गृहस्थ, आत ‘बिग मॅन’. दुसऱ्या सीझनच्या ‘गँगलँड’मध्ये ऑपेरा चालू असताना टूम्बस्टोन, सिल्व्हरमेन आणि डॉक्टर ऑक्टोपस या तीन टोळीप्रमुखांची जुंपते, ते बघताना किंगपिनची आठवणसुद्धा येत नाही.

पैसा कमी, पात्र हाताशी नाही, या अडचणींवर लेखक-चित्रकारांनी मात केली. मालकीवर करता आली नाही. पहिला सीझन मार्च २००८मध्ये किड्स डब्ल्यूबी या शनिवार सकाळच्या पट्ट्यात सुरू झाला आणि तो पट्टाच त्या मे महिन्यात बंद झाला. दुसरा सीझन २००९मध्ये अमेरिकेत डिस्ने एक्सडी वाहिनीवर गेला. मालिका बनवणारी कंपनी सोनीची, पात्रं मार्व्हलची. सोनीने टीव्ही-ॲनिमेशनचे हक्क मार्व्हलला परत केले, आणि ऑगस्ट २००९मध्ये डिस्ने मार्व्हल विकत घेत असल्याची घोषणा झाली. आता गाठ बघा. सोनीकडे ही मालिका आहे, पण नवे भाग काढायचा हक्क नाही. मार्व्हलकडे हक्क आहे, पण ही मालिका, हे डिझाइन त्यांचं नाही. वाइसमनच्या डोक्यात ६५ भागांचा आराखडा होता, तो तसाच राहिला. मार्व्हलने २०१२मध्ये स्वतःची वेगळी मालिका आणली.

जाता जाता: याच जोश कीटनने पुढे ‘ग्रीन लँटर्न’च्या ॲनिमेटेड मालिकेत नायक हॅल जॉर्डनला आवाज दिला. तीही २६ भागांत संपली. तिथे कारण खेळणी. २०११चा ग्रीन लँटर्न सिनेमा आपटला, त्याची खेळणी दुकानांत पडून राहिली, मग मालिकेची खेळणी ठेवायला दुकानदार तयार होईनात. खेळण्यांचा पैसा नाही तर पुढचा सीझन नाही. ती मालिकाही चांगलीच होती.

‘तिसरा सीझन आणा’ अशा मोहिमा अधूनमधून निघतात. सह्या जरूर करा, पण दोन बलाढ्य कंपन्या एका टेबलावर बसल्याशिवाय त्या सह्यांना अर्थ नाही. २०२३च्या स्पायडर-व्हर्स सिनेमात हा स्पायडर-मॅन कीटनच्याच आवाजात क्षणभर येऊन गेला, आणि लोकांनी लगेच आशेचे इमले बांधले. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

बघायची तर क्रमानेच बघा. मधलाच एखादा भाग उचललात तर निम्मे धागे हातातून सुटतील. पहिले तीन एका बैठकीत संपवा, चित्रांची सवय तेवढ्यात होते. सगळे २६ भाग ब्लू-रेवरही एकत्र आले आहेत. आणि शेवटच्या भागात पीटरची मैत्रीण ग्वेन आणि मित्र हॅरी यांचं प्रकरण जिथे लटकतं ते बघून ‘पुढचं कुठे मिळेल’ असं कमेंटमध्ये विचारू नका. पुढचं बनलंच नाही.